बाळंतिणीच्या दारावरचा दोर

सोलजे, वरची आळी
२० सप्टेंबर २००६

इन-थेक,

माझं पत्र आलं की तुझ्या कपाळाला आठ्या पडत असणार, मला माहीत आहे. पण फोनवर तू "बरंय, सगळं बरंय" एवढंच बोलतोस आणि मग आपण दोघं एकमेकांचा श्वास ऐकत बसतो. पत्रात तुला निदान पानभर तरी लिहावं लागतं.

कामाचं आधी सांगते. माझ्या भिंतीपलीकडचं जांग मास्तरांचं घर मास्तर गेल्यापासून रिकामं होतं ना, तिथे गेल्या फेब्रुवारीपासून एक परदेशी जोडपं राहतंय. आयर्लंडचं. तो डेक्लन, आपल्या गावच्या शाळेत इंग्रजी शिकवतो. ती नोरीन. तांबड्या केसांचं हे एवढं टोपलं डोक्यावर, आणि हसली की खालच्या बसथांब्यापर्यंत ऐकू जातं. आणि आता ऐक, तिला सहावा महिना लागलाय.

आपल्या आळीत शेवटचं मूल जन्मलं त्याला एकोणीस वर्षं झाली. ते पोरगं परवाच सैन्यात गेलं. तेव्हा इथे काय चाललंय ते तूच समज. चोई आजी चौऱ्याऐंशीची, तिला जिना चढवत नाही, पण रोज भिंतीला धरून धरून नोरीनचं पोट बघायला येते. पोट पुढे टोकदार आहे की गोल, यावर गावच्या हॉलमध्ये दोन तट पडलेत आणि मी कुठल्या तटात आहे ते सांगणार नाही.

ही दोघं इथे रमलीत असं मला वाटतं. ती दुपारी हॉलमध्ये येते, आमच्या म्हाताऱ्यांच्या ओळीत खालून तापवलेल्या गरम जमिनीवर आडवी होते आणि फुलांच्या चित्रांच्या पत्त्यांत चक्क लबाडी करते. पकडली की आणखी हसते. तो पिकाच्या सणाला आमच्या ढोलपथकात झांज वाजवतो. वाजवतो वाईट, पण घाम फुटेपर्यंत वाजवतो.

पण त्याचा शाळेशी करार फेब्रुवारीअखेर संपतो. शाळा आणखी दोन वर्षं ठेवायला तयार आहे. विचारलं की दोघं म्हणतात, "बाळ झाल्यावर बघू." म्हणजे गेले तर मूलही गेलं. माझे दोन्ही मुलगे शहरात, एकाचं लग्न नाही, दुसऱ्याला मूल नको. मला ते पोर या आळीत रांगताना बघायचंय, इन-थेक. दुसरं काही मागणं नाही माझं.

आता आपले गावप्रमुख, ते ओ आडनावाचे, तालुक्याच्या कुठल्या तरी व्याख्यानाला जाऊन आलेत. तिथे त्यांना सांगितलं की परदेशी माणसं गावात टिकवायची तर त्यांच्या रीतीभाती जपा. कुठल्या रीतीभाती, ते काही सांगितलं नाही. मग सगळ्यांना तुझी आठवण झाली. तू बावीस वर्षं परदेशात त्यांच्यात काढलीस, तेही असल्याच डोंगरातल्या गावात. त्यांना काय आवडतं, काय खपत नाही, ते नीट लिहून पाठव. मी हॉलमध्ये वाचून दाखवणार आहे, तेव्हा अक्षर बरं काढ.

माझ्या भावजयीला, मी-रानला, आणि पोरीला आशीर्वाद. थंडीचे मोजे वेगळे पाठवतेय.

तुझी ताई,
माल-सून


५ ऑक्टोबर २००६

ताईस नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. मी-रान आणि पोर मजेत आहेत. दुकान जोरात चालू आहे. थंडी सुरू झाल्यामुळे कोट धुवायला येतात आणि मला मान वर करायला फुरसत नसते.

तू विचारलंस ते बरं केलंस. आपले लोक प्रेमापोटी चुका करतात आणि परदेशी माणूस तोंडानं काही बोलत नाही, मुकाट्यानं निघून जातो. तेव्हा नीट ध्यानात घ्या.

सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे त्यांचं घर हे त्यांचं असतं. आपण जसे हाक मारता मारता आत शिरतो तसं मुळीच करायचं नाही. आधी ठरवावं, मग जावं, आणि दारातूनच परतावं. वय विचारू नये. पगार विचारू नये. तू जाड झालीस, बारीक झालीस हे तर कधीच म्हणू नये. पोटाला हात लावणं म्हणजे अपमान, चोई आजींना हे दोनदा वाचून दाखव. न मागता खायला नेऊन देऊ नये, त्यांना ओझं वाटतं. सल्ला देऊ नये. आणि कसल्याही कामाला बोलावू नये, नाही म्हणता येत नाही आणि मग त्यांची पंचाईत होते. एकंदरीत त्यांना त्यांचं त्यांचं असू द्यावं. याहून मोठा मान त्यांच्या लेखी नाही.

माझंच उदाहरण घ्या. माझे शेजारी हॉलिस म्हणून आहेत. बावीस वर्षांत त्यांनी एकदाही माझं दार वाजवलेलं नाही. रस्त्यात भेटले की टोपी उचलतात, हवेबद्दल एक वाक्य बोलतात आणि पुढे जातात. इतकी सभ्य माणसं मी आयुष्यात पाहिली नाहीत. इथे राहून मीही तसाच झालोय.

हे सगळं पाळलंत तर तुमचं जोडपं कुठे जात नाही.

आपला,
इन-थेक

ता. क. मोजे नकोत, इथे मिळतात.


सोलजे
२८ नोव्हेंबर २००६

इन-थेक,

उत्तराला उशीर झाला, कारण किमची घालायचे दिवस. यंदा आळीनं मिळून नऊशे कोबी खारवले. माझी बोटं अजून मिरचीनं जळतायत, तेव्हा अक्षर सांभाळून घे.

तुझं पत्र मी हॉलमध्ये वाचलं. मग ओ म्हणाले, जे आले नाहीत त्यांनाही कळायला हवं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्यांनी तुझी अख्खी यादी भोंग्यावरून वाचली. खत कधी येणार, रक्त तपासायला गाडी कधी येणार, आणि मग तुझी यादी. नशीब की नोरीनला कर्ण्यातली भाषा अजून समजत नाही. आम्हालाच अर्धी समजत नाही.

तुला वाटेल आपली माणसं सुधारायची नाहीत. तर ऐक. चोई आजी आता भिंतीपर्यंत येते, उभी राहते आणि परत फिरते. परवा तिच्या हातात मुळा होता, हा एवढा. मला विचारते, मुळा हे खाणं आहे की भाजी? म्हटलं दोन्ही. बिचारी मुळा घेऊन घरी गेली. मी स्वतः अंगणात नोरीन दिसली की मान लववते, हवा थंड आहे म्हणते आणि आत जाते. एकदा तर जिभेच्या टोकावर आलं होतं की अगं ओल्या केसांनी काय हिंडतेस, पण गिळलं. घसा दुखला माझा.

हॉलमध्ये ती आली की आम्ही सगळ्या उठून नीट बसतो. तिच्यासाठी ओंनी खास खुर्ची आणलीय. पत्तेही बाजूला ठेवतो, न जाणो त्यांच्यात बाळंतपणाआधी खेळत नसतील. पहिल्यांदा ती खुर्चीवर बसली, जरा वेळ आमच्याकडे बघत राहिली आणि गेली. आता फारशी येत नाही. किमचीलाही आम्ही तिला बोलावलं नाही. अंगणात पन्नास बायका आरडाओरडा करतायत आणि ती भिंतीपलीकडून बघतेय, असं दोनदा दिसलं. मला वाटलं आवाजाचा त्रास होतोय, म्हणून मी सगळ्यांना हळू बोलायला लावलं.

तर तुझं सगळं जसंच्या तसं चाललंय. आता ती पूर्वीसारखी मोठ्यानं हसत नाही, शांत असते. मला वाटतं तिला आराम मिळतोय. तुला काय वाटतं?

करारावर अजून सही नाही. मला रोज सकाळी उठल्या उठल्या तेच आठवतं.

ताई


१४ डिसेंबर २००६

ताईस नमस्कार.

सगळं योग्य चाललंय. ती शांत झाली म्हणजे तिला हवं ते मिळालं, असं मी समजतो. खुर्ची ठेवलीत ते उत्तम.

नऊशे कोबी म्हणजे फारच. कुणाच्या अंगणात केलं? पाठीमागच्या झऱ्यावर खारवता की आता नळ घेतलाय? मिरची कोण कालवतं? आई कालवायची तेव्हा पहिलं पान मला भरवायची, आणि मी नाक पुसत पळायचो. सगळ्या बायका हसायच्या. हे उगाच आठवलं. लिहायचं कारण नाही.

इथे मला मध्यंतरी ताप आला होता. सहा दिवस दुकान बंद राहिलं. काळजी करू नकोस, आता बरा आहे. सांगायचं कारण असं की या सहा दिवसांत कुणीही येऊन त्रास दिला नाही. का बंद, काय झालं, एक शब्द नाही. हॉलिस रोज सकाळी माझ्या दारासमोरचं बर्फ मात्र काढून जायचे, खिडकीतून दिसायचं. दार वाजवलं नाही. अशी ही माणसं.

बाळंतपण झालं की कळव.

इन-थेक


सोलजे
९ जानेवारी २००७

इन-थेक,

आधी आनंदाचं. सत्तावीस डिसेंबरला शहरातल्या दवाखान्यात मुलगी झाली. नाव ऊना. तिसाला घरी आली. मी फक्त दुपट्यातून बाहेर आलेलं नाक पाहिलंय, तेही भिंतीवरून.

आता दुसरं.

मूल घरी आलं त्या दिवशी चोई आजीनं स्वतः बसून पेंढ्याचा दोर वळला. एकोणीस वर्षांत कुणी वळला नव्हता, सगळ्या बायका बघायला जमल्या. दोन वेळा चुकली, उकलला, पुन्हा वळला. त्यात कोळसे खोवले, पाइनच्या डहाळ्या खोवल्या, मुलगी आहे म्हणून. आणि नोरीनच्या फाटकावर आडवा बांधला. मूल जन्मल्यापासून एकवीस दिवस बाहेरचं कुणी आत जायचं नाही. बाळ-बाळंतीण सुखरूप राहायला हवीत ना. आम्ही बाहेरूनच नमस्कार केला आणि आपापल्या घरी आलो. मी तर आनंदानं रडले.

काल पोस्टात डेक्लन भेटला. हातात रिकामी खोकी, एकात एक घातलेली. मी विचारलं, एवढी खोकी कशाला? तुझी यादी मोडली मी, विचारलं. तो खाली बघत म्हणाला, सामान भरायचंय, शाळेला सांगून टाकलं, फेब्रुवारीत जातोय. मी तिथल्या बाकावर बसले. का, म्हणून विचारलं. तो आपली भाषा अडखळत बोलतो, शब्द शोधत शोधत म्हणाला ते मी जसंच्या तसं लिहिते.

"आमचं काय चुकलं ते आम्हाला कळलं नाही. ऑक्टोबरपासून कुणी घरी येत नाही. नोरीन हॉलमध्ये गेली की सगळे उठतात, पत्ते लपवतात. किमचीला अख्खी आळी होती, आम्ही नव्हतो. आणि बाळ घरी आणलं त्या दिवशी तुम्ही आमच्या फाटकावर कोळसे टांगले. ती दिवसभर त्या दोराकडे बघून रडते. मला म्हणते, आपल्या मुलीचा एवढा राग का?"

इन-थेक, मला तिथेच जमिनीनं गिळलं असतं तर बरं झालं असतं. मी त्याला सांगू लागले तर मलाच हुंदका आला आणि त्याला वाटलं मी माफी मागतेय. मग बस आली आणि त्याची शाळा होती.

जाता जाता डेक्लन सांगून गेला, नोरीनच्या गावी शेजारी मागच्या दारानं स्वयंपाकघरात येतात म्हणे. किटली स्वतःच चुलीवर ठेवतात. परदेश म्हणजे काय एकच आळी आहे का रे? आणि मी मूर्ख, मी तरी कसं विचारलं नाही तिला? तीन महिने भिंतीपलीकडे होती. तुला विचारायला सात समुद्र ओलांडून पत्र घातलं, आणि तिला विचारायला चार पावलं टाकली नाहीत.

आणि आता तुझं. सहा दिवस ताप आणि कुणी आलं नाही? मग मी-रान कुठे होती? पोरगी कुठे होती? हे मी चारदा वाचलं. तू मला काहीतरी सांगत नाहीयेस. तुला मी पाठीवर बांधून शेतात काम केलंय, माझ्याशी हे नाटक चालायचं नाही. खरं लिही.

तुझ्या उत्तराची वाट बघायला वेळ नाही. दोर अजून आठवडाभर आहे, आणि तो ओलांडला तर पोरीला काही होईल अशी भीती वाटतेय. पण ती आत रडतेय. मी चोई आजीकडे निघालेय.

ताई


२४ जानेवारी २००७

ताई,

तुझं पत्र दुकानात उभ्यानं वाचलं. गिऱ्हाईक समोर होतं, त्याला मी कुणा दुसऱ्याचाच कोट दिला.

मी-रान इथे नाही. तीन वर्षं झाली. पोरीला घेऊन ती टोरांटोला गेली, तिथे आपली खूप माणसं आहेत, देऊळ आहे, बाजार आहे. इथे मला एकटं वाटतं, असं ती दहा वर्षं सांगत होती आणि मी तिला म्हणायचो, केवढी शांतता आहे बघ. पोरीचा दर रविवारी फोन येतो. मी तिला सांगतो, बरंय, सगळं बरंय.

ती यादी खोटी होती, ताई. म्हणजे मी मुद्दाम खोटं लिहिलं नाही. या लोकांना काय आवडतं ते मला कधी कळलंच नाही. माझ्या वाट्याला जे आलं ते मी लिहून काढलं, आणि त्याला सभ्यपणा असं नाव दिलं. असं नाव दिलं की दिवस जातो. तुम्ही ते भोंग्यावर वाचलंत, पाळलंत, आणि एका बाळंतिणीला माझ्यासारखं केलंत. माझ्या हातून फार मोठी चूक झाली.

दुकान बंद केलं आणि मी हॉलिसांचं दार वाजवलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. म्हाताऱ्या बाईंनी उघडलं. मी म्हटलं, बर्फ काढलंत त्याबद्दल आभार मानायचे राहिले. त्या एकदम रडू लागल्या. म्हणाल्या, तुम्ही इथे राहायला आलात तेव्हा चर्चमध्ये कुणीतरी सांगितलं होतं की तुमच्या देशातल्या लोकांना कुणी घरात आलेलं खपत नाही, लांबूनच बोलावं. तुझी बायको गेली तेव्हा मला यायचं होतं. तुझं दुकान बंद होतं तेव्हा मी दोनदा सूप केलं आणि दोनदा नवरा म्हणाला, नको, त्याला अपमान वाटेल. तो बर्फ काढत राहिला.

ताई, मी त्यांच्या स्वयंपाकघरात दोन तास बसलो. त्यांनी मला विचारलं, वय काय तुझं? मी सांगितलं, बावन्न. म्हणाल्या, दिसतोस मात्र साठीचा, नीट जेवत नाहीस. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

तिकडे काय झालं? दोर ओलांडलास का? ती गेली का? फोन करणार होतो, पण हात पुढे होत नाही. तू "गेली" म्हणालीस तर मी काय बोलू? लवकर लिही.

इन-थेक


सोलजे
८ फेब्रुवारी २००७

इन-थेक, माझ्या बाळा,

तुझं पत्र मी हॉलमध्ये वाचलं नाही. एकटीनं वाचलं, चुलीजवळ बसून. रडून घेतलं, मग तुला मनसोक्त शिव्या घातल्या, मग पुन्हा रडले. तीन वर्षं. मोजे नकोत म्हणे. त्या हॉलिसबाईंना माझा नमस्कार सांग आणि त्या देतील ते मुकाट खा.

आता इकडचं, पहिल्यापासून.

त्या दिवशी मी चोई आजीकडे गेले आणि सगळं सांगितलं. तिला कोळशाचं सांगितलं तेव्हा तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी म्हटलं, आजी, मला आत जायला हवं, पण दोर आहे. ती म्हणाली, दोर तसाच राहणार, तो पोरीसाठी आहे. मग म्हणाली, "दोर परक्यांना अडवतो. घरच्यांना नाही. बाळंतिणीची आई आत जाऊ शकते. हिची आई गुडघ्यांनी बेजार, तिकडे आयर्लंडमध्ये बसलीय, तर तू हो. पण एकदा झालीस की झालीस, माल-सून. उद्या म्हणशील मी आपली शेजारीण, तर मी ऐकून घेणार नाही."

मी म्हटलं, होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ओंनी भोंग्यावरून जाहीर केलं की वरच्या आळीची पार्क माल-सून ही आजपासून नोरीनची आई, सर्वांनी नोंद घ्यावी, आणि खताची गाडी शुक्रवारी येईल. त्या माणसाला काय म्हणावं ते मला अजून सुचलेलं नाही.

मी गरम पाण्यानं न्हाले, धुतलेले कपडे घातले, बाळंतिणीला देतात त्या समुद्रशेवाळाच्या सुपाचं पातेलं उचललं आणि दोराखालून वाकून आत गेले. हाक मारली नाही. दार वाजवलं नाही. सरळ स्वयंपाकघरात.

ती ओट्याला टेकून उभी होती, अनवाणी, केस ओले, हातात थंड पाण्याचा पेला. चौदा दिवसांची बाळंतीण. माझ्या डोक्यात तिडीक गेली. जीभ तीन महिने बांधलेली होती, ती सुटली. म्हटलं, पायात मोजे का नाहीत? थंड पाणी पितेस, म्हातारपणी दात पडतील तेव्हा कुणाला सांगशील? किती वाळलीस. वय काय तुझं, एकतीस? आणि एवढी अक्कल नाही? तुझा नवरा काय करतोय, खोकी भरतोय? बस खाली, आधी हे पी.

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं झालं, आता मला घराबाहेर काढते. तर ती खाली बसली, त्या पातेल्याशेजारी, आणि लहान पोरासारखी मोठ्यानं रडू लागली. मग मध्येच हसू लागली. तेच हसू, बसथांब्यापर्यंत जाणारं. आपल्या भाषेत मला म्हणाली,

"किती दिवस मला कुणी रागावलं नव्हतं."

मी तिला धरलं. मग दोर काय असतो ते सांगितलं, कोळसा काय, पाइन काय, चौऱ्याऐंशीच्या म्हातारीनं तो तीनदा कसा वळला. तुझ्या यादीचंही सांगितलं, राग येऊ दे नाहीतर काही. ती ऐकत होती आणि सूप पीत होती, दोन वाडगे प्यायली. म्हणाली, आम्हाला ही जागा आवडली ती काय डोंगरासाठी? डोंगर आमच्याकडेही आहेत. कुणी विचारतं जेवलीस का, कुणी दारात कोबी ठेवून जातं आणि नाव सांगत नाही, कुणी म्हणतं हा रंग तुला शोभत नाही. त्यासाठी राहिलो होतो. ते थांबलं, मग इथे काय उरलं? मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

त्या दिवसापासून रोज गेले. एकविसाव्या दिवशी दोर उतरला आणि अख्खी आळी आत घुसली. चोई आजीनं पोरीला मांडीवर घेतलं ते दुपारपर्यंत दिलंच नाही. आता नोरीनला कुणी नोरीन म्हणत नाही, सगळ्या ऊनाची आई म्हणतात. खुर्ची ओंनी परत नेली.

पण इन-थेक, ती खोकी मात्र बाहेरच्या खोलीत होती तशीच. रोज जाताना मी ती मोजायची, येताना मोजायची. डेक्लन शाळेत जातो-येतो, काही बोलत नाही. वाटेल ते विचारलं मी त्यांना, पगार विचारला, झोप लागते का विचारलं, भांडता का विचारलं. एकच प्रश्न जिभेवर येईना. तू फोन केला नाहीस ना, तसंच माझं. नाही म्हणाली तर काय करायचं हे ठरत नव्हतं.

आज सकाळी तुला हे पत्र लिहायला बसले आणि इथवर आले होते, तेवढ्यात ती आली. हाक नाही, काही नाही. पोर माझ्या मांडीत टाकलं, माझी भांडी उघडून बघितली, आणि छताला टांगून आंबत ठेवलेल्या सोयाबीनच्या ठोकळ्यांखाली जाऊन उभी राहिली. नाक वर करून म्हणाली, काय घाण वास येतो यांना, यांचं कधी करणार? म्हटलं, आमचं चंद्राचं नवं वर्ष झालं की चांगला दिवस बघून रांजणात मिठाच्या पाण्यात मुरवायचे, त्याचीच वर्षभराची चटणी होते. आणि खायचं कधी? म्हटलं, घाई केली तर पाणचट लागतं. आत्ता घातलेलं पुढच्या हिवाळ्यात काढायचं, तेव्हा कुठे चव येते.

तिनं एक ठोकळा बोटानं दाबून पाहिला. मग म्हणाली, "मला पण एक रांजण घालायचाय."

पोर उठेल म्हणून मी हळूच विचारलं, "आणि पुढच्या हिवाळ्यात तो उघडणार कोण?"

"आम्ही," ती म्हणाली. "डेक्लन काल शाळेत जाऊन सही करून आला. तुम्ही विचारत का नव्हता? आमचं ठरून चार दिवस झाले, मी वाटच बघतेय."

मी पोरीच्या कपाळावर तोंड टेकवलं आणि तसंच राहिले. ती माझ्या शेजारी गरम जमिनीवर आडवी झाली आणि आता झोपलीय. पायात मोजे नाहीत. माझे तिच्या पायांत चढवलेत.

पाच एप्रिलला ऊनाला शंभर दिवस होतात. आळी जेवण घालणार आहे आणि आजोळच्या बाजूचं कुणीतरी लागतं; मी नोरीनची आई, म्हणजे तिचा मामा तू. कारण सांगायचं नाही. दुकान हॉलिस सांभाळतील, त्यांना विचारून बघ, हो म्हणतील. येताना टोरांटोवरून ये आणि पोरीला घेऊन ये. मी-रान आली तर तिलाही. नाही आली तर तिला माझ्यातर्फे सांग की तिचं बरोबर होतं.

बाकी सगळं तू आल्यावर. पत्र इथे थांबवते, ही उठायच्या आत परसात जाऊन तिच्यासाठी एक न गळणारा रांजण बघून ठेवायचाय.

तुझी ताई,
माल-सून